हौसाच्या हातचे बोर्ड

हौसाचं काम धूळ काढायचं होतं. भिवंडी बायपासला लागून गाळ्यांच्या रांगा आहेत, त्यांतल्या एका गाळ्यात जुने कॉम्प्युटर येत. कुठे ऑफिस बंद पडलेलं असे, कुठे नवी मशीन घेतलेली असत, आणि जुनी टेम्पो भरून इथे येत. त्यांची झाकणं उघडायची, बोर्ड सुटा करायचा, त्यावर ब्लोअर मारायचा, पंख्याच्या पात्यांत रुतलेली घाण रंगाच्या ब्रशने ओढून काढायची आणि बोर्ड तपासणीच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. मुंबईच्या ऑफिसांतली धूळ काळी आणि चिकट असे. लूमवाल्यांच्या मशीनमधून सुताची पांढरी लव निघे, ब्लोअर लावला की उडून हौसाच्या केसांत बसे. संध्याकाळी ती म्हातारी होऊन घरी जाई आणि केस झटकले की पुन्हा पन्नाशीच्या आतली होई.

ती गणेशपुरीच्या वरच्या अंगाला असलेल्या आदिवासी पाड्यावरची. लग्नाआधी दुसऱ्यांच्या शेतात भाताची लावणी केली, लग्नानंतर वीटभट्टी. नवरा नामा भट्टीच्या धुरात खोकून खोकून गेला. लेक लग्न होऊन लांब पडली. मग खालच्या शेतांवर गाळे उभे राहिले आणि पाड्याच्या बायका चिखलातून उठून पत्र्याखाली आल्या. हौसाला ते आवडलं होतं हे सांगायला हवं. पत्रा तापतो, पाणी कोमट मिळतं, लघवीला जायला मुकादमाला विचारावं लागतं, तरी तिथे बसायला स्टूल होतं. आयुष्यात बसून करायचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

बायकांना आणायचं-न्यायचं काम लडकूचं. तो खालच्या गावातला कंत्राटदार. सकाळी त्याचा टेम्पो पाड्याच्या पायथ्याशी उभा राही आणि बायका मागे उभ्या राहून भिवंडीपर्यंत येत. गाळेवाल्यांशी त्याचा तोंडी करार होता आणि त्यात बाईचं नाव नसे, पाड्याचं असे. वरच्या पाड्याच्या बायका, खालच्या पाड्याच्या बायका. एका बाईने काही केलं की तिच्या पाड्याचा टेम्पो बंद. पोलीस नाहीत, चौकशी नाही. लडकू म्हणे, हे बरं पडतं, तुम्ही एकमेकींवर लक्ष ठेवता. ते खरं होतं. बायका एकमेकींच्या पिशव्यांकडे नवऱ्यांपेक्षा जास्त बघत.

तपासणीच्या टेबलावर रामनाथ बसे. हा गाळा ज्या जमिनीवर उभा होता ती त्याच्या घरची. आगरी माणसं, चार भावांचं एकत्र भातखाचर. जमीन देताना ठरलं होतं की घरातला एक माणूस गाळ्यात कायम राहील. भाड्याचे पैसे भावांमध्ये फुटले आणि विरले, ती एक जागा मात्र उरली, आणि ती रामनाथकडे आली कारण लहानपणी त्याने रेडिओ उघडले होते. त्याचा धाकटा भाऊ सुभाष अजूनही सणावाराला जेवायला बसला की विचारी, “काय, तुझी मशीन बोलतात का तुझ्याशी, का तुझ्या जागी मी येऊ?” रामनाथ हसे. पण तो हातातलं काम कोणाला शिकवत नसे.

हौसाला मात्र त्याने सांगितलं होतं. ती बोर्ड घेऊन येई, तो आधीच्या बोर्डात गुंतलेला असे, तिला थांबावं लागे. आणि रामनाथला ऐकणारं कुणी नव्हतं. तो बोर्डाला वीज देई, पडदा काळाच राही, आणि त्या काळ्या पडद्याकडे बघत तो बोले.

“आता हा आंधळा हाय. विंडोज वगैरे सगळं मागनं. आधी ही एवढीशी चिप दिसते ना, हिच्यातला प्रोग्राम उठतो. तो प्रोसेसरला उठवतो, मेमरी तपासतो. मग एकेका खाचेपाशी जाऊन विचारतो, इथं कोण हाय.”

“आणि कोण न्हाय बोललं तर?”

“तर पुढच्या खाचेला. चित्र काढणारं कार्ड भेटलं की त्याच्याकडे बघतो. कार्डाच्या अंगावर त्याचा सोताचा छोटा प्रोग्राम असतो. बोर्डाला काय ठाऊक, कुठल्या कंपनीचं कार्ड कसं चालवायचं? म्हणून कार्डानंच ते बरोबर आणायचं. त्याच्या डोक्यावर खूण असते. खूण पटली की बोर्ड बोलतो, चल, चालव तुझं. मग कार्ड जागं होतं आणि पडद्यावर पहिलं अक्षर येतं.”

हौसाने एकदा विचारलं होतं, दोन कार्डं असली तर? काही प्रोसेसरच्या पोटातही चित्र काढायची सोय असते हे तिने ऐकलं होतं. रामनाथ म्हणाला, तेव्हा बोर्ड एकालाच पुढे करतो. काय करायचं ते आत ठरवून ठेवता येतं, ठरवलेलं नसलं तर बहुतेक खाचेतल्याला मान. पडद्याची तार दुसऱ्याला लावून बसलीस तर जन्मभर काळा पडदा बघत बसशील.

“म्हंजे दुसरं बिघडलेलं असतं?”

“बिघडलेलं नाय. त्याला विचारलेलं नसतं.”

टेबलावर तपासणीसाठी एक कार्ड कायम असे. जुनं, पंखा नसलेलं, हिरव्या पाटीचं. ज्या बोर्डाला कार्ड नसे त्यात ते बसवायचं आणि चित्र येतं का बघायचं. गाळा सुरू झाला त्या वर्षी एका भंगार मशीनमधून रामनाथने ते काढलं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. दसऱ्याला स्क्रू ड्रायव्हर, मीटर, सोल्डरची गन यांच्याबरोबर त्याचीही पूजा होई. त्याच्या लोखंडी पट्टीवर कुंकवाचे थर साचले होते. नवीन मुकादमाने एकदा ते पुसायला घेतलं तेव्हा रामनाथ दिवसभर त्याच्याशी बोलला नव्हता. लोक म्हणत, रामनाथशेटचं कार्ड ज्याला उठवत नाही तो उठायचाच नाही. मेलेल्या बोर्डांचा ढीग हौसाच्या स्टुलाशेजारीच पडे. तो भरला की वजनावर विकला जाई.

मग डिझाईनच्या एका ऑफिसातून माल आला. सगळी मशीन एकसारखी, फार जुनी नाहीत. कार्डं तेवढी विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवून घेतली होती. गाळा चालवणारा शेठ खूश होता. पाड्यावर त्या आठवड्यात लग्न होतं आणि बायका रजेवर होत्या. हौसाला नवरीकडच्यांनी बोलावलं नव्हतं, जुनं भांडण होतं. ती एकटी आली. गावचा दुसरा टेम्पो तिला बायपासला सोडी. तिने एकटीने ती सगळी मशीन उघडली, बोर्ड काढले, साफ केले आणि रांगेत लावून ठेवले. इतकं स्वच्छ काम तिच्या हातून क्वचितच झालं असेल, कारण बोलायला कुणी नव्हतं.

रामनाथने पहिला बोर्ड घेतला. त्या प्रोसेसरांना स्वतःची चित्राची सोय नव्हती, म्हणून कार्ड लागणारच होतं. त्याने नेहमीचं कार्ड बसवलं, वीज दिली. पंखा फिरला. पडदा काळा. दुसरा बोर्ड, काळा. त्याने मेमरी बदलली, तार बदलली, पडदा बदलला. पेटीतलं दुसरं कार्ड काढलं, तेही त्याच काळातलं, पहिल्याचं भावंडच. काळा. शेवटी त्याने ते कुंकवाचं कार्ड एका जुन्या बोर्डात घातलं आणि लगेच पडद्यावर अक्षरं आली. इथे एखादा माणूस थांबला असता. रामनाथ थांबला नाही, कारण त्याच्या मते प्रश्न सुटला होता. कार्ड चांगलं आहे. म्हणजे बोर्ड मेलेले आहेत. सगळे.

शेठने विकणाऱ्याला फोन केला. विकणाऱ्याने प्रत्येक मशीन चालू असतानाचा व्हिडिओ पाठवला. मशीन चालू होती यात शंका नव्हती. टेम्पोतून उतरली तेव्हा चालू, रामनाथच्या टेबलावर आली तेव्हा मेलेली, आणि या दोहोंच्या मध्ये एकच माणूस बसला होता. त्याच्या स्टुलाशेजारी मेलेल्या बोर्डांचा ढीग होता.

“नक्की मेलेत ना?” शेठने विचारलं.

“नक्की,” रामनाथ म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. त्याला तसंच वाटत होतं. हौसाने चांगले बोर्ड विकून त्यांच्या जागी ढिगातले मेलेले ठेवले असं तो म्हणाला नाही, ते शेठने स्वतः जुळवलं. रामनाथ फक्त मध्ये पडला नाही. आणि ढिगातले बोर्ड वेगळ्या बनावटीचे आहेत, म्हणजे बदलाबदल झालेलीच नाही, हे त्याच्याएवढं तिथे कुणाला कळत नव्हतं. ते त्याच्या मनात आलंही असेल. पण ते बोललं तर पुढचा प्रश्न त्याच्या टेबलाकडे आला असता.

लग्न उरकून बायका कामावर आल्या त्या संध्याकाळी फाटकावर वॉचमनने हौसाला बाजूला घेतलं. “थैली खोलो,” म्हणाला. सगळ्यांसमोर पिशवी जमिनीवर उलटी केली. डबा, पान-तंबाखूची चंची, आणि मशीनभोवती गुंडाळून येतो त्या फुग्याफुग्याच्या प्लास्टिकची घडी. ते प्लास्टिक न्यायला कुणाचीच ना नव्हती, सगळ्याच नेत, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकत. पण त्या दिवशी ते फक्त हौसाच्या पिशवीतून निघालं. लडकूने ते पायाने उलटंपालटं केलं, जणू आत काही निघेल.

“कुठं दिलेस गो बोर्ड?” तो म्हणाला.

“मी न्हाय घेतलं काय.”

“चोरटी निघालीस. तुझ्यापायी माझं तोंड काळं झालं.”

एवढंच. एक शब्द. तो टेम्पोच्या आधी पाड्यावर पोचला.

वरच्या पाड्याचा टेम्पो बंद झाला. भातकापणी उरकलेली, शेतात काम नाही, आणि बायका घरात बसल्या. लडकूने शेठच्या हातापाया पडून तो पुन्हा सुरू केला, तोवर बऱ्याच घरांत नुसतं पेजेवर भागवलं गेलं होतं. हौसाला सोडून बाकी सगळ्या पुन्हा जाऊ लागल्या. गंगू, तिची नणंद, शेजारच्याच घरात राहते. ती एकदा पाणी भरताना म्हणाली, “केली असतीस तरी मी काय बोलले नसते. पण केलीस ती आमचं पोट मारून.” हौसा म्हणाली, केली नाही. गंगूने हंडा उचलला. तिला त्यात फारसा फरक वाटत नव्हता.

हौसा वज्रेश्वरीला एका खानावळीत भांडी घासायला जाऊ लागली. देवीला आलेली, कुंडात अंघोळ करून भुकेलेली माणसं तिथे जेवत. एसटीने जायचं, एसटीने यायचं. पहिले दिवस बरे गेले. मग मालकाच्या बायकोने संध्याकाळी चमचे मोजायला सुरुवात केली. तोंडाने काही म्हणाली नाही. हौसा पदराला हात पुसत उभी राही आणि त्या बाईची बोटं चमच्यांवरून फिरताना बघत राही. आकडा रोज जुळे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणी होई.

तिला आता कामाचं इतकं वाटत नव्हतं. घासायला भांडी जगभर आहेत. तिला तो शब्द परत घेतलेला हवा होता, जिथे टाकला तिथेच. रात्री झोप लागली नाही की ती त्या बोर्डांची गणती करी. एकेक आठवे. कुठल्याला कोपऱ्यात ओरखडा, कुठल्यावर निळ्या शाईचा ठिपका. तिच्या हातून गेलेल्या वस्तू तिला ओळखता येत होत्या. हे ती कुणाला सांगणार?

गाळ्यात त्या बोर्डांपैकी निम्मे ढिगाबरोबर फोडले गेले, पिनांवरच्या सोन्याच्या मुलाम्यासाठी. उरलेले मनिषा नावाच्या बाईने घेतले. ती ठाण्याची, जुने बोर्ड दुरुस्त करून विकायचा धंदा. सुटे भाग काढायला म्हणून तिने ते वजनावर नेले आणि पुढच्याच आठवड्यात गाळ्यावर स्वतः आली. असे मेलेले बोर्ड अजून आहेत का, असं ती विचारत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. सगळेच्या सगळे चालू निघाले होते.

रामनाथने तिला टेबलावर बसवलं. तिने एक बोर्ड बरोबर आणला होता आणि एक नवं कार्ड. बसवलं, वीज दिली, पडद्यावर अक्षरं आली. मग तिने तेच कुंकवाचं कार्ड मागितलं. त्याने दिलं. पडदा काळा.

“यात चूक कुणाची नाही हो,” ती म्हणाली. “तुमचं कार्ड जुनं आहे. त्याच्या अंगावरचा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा. हे बोर्ड आता ती पद्धत चालवत नाहीत. ते नव्या पद्धतीचा प्रोग्राम शोधतात, सही-शिक्क्याचा. नाही सापडला की कार्ड खाचेत असूनही त्याला उठवत नाहीत. जुन्याला चालवून घ्यायची सोय आत असते काही बोर्डांत, पण ती यांत बंद केलेली आहे. आणि ती चालू करायला पडदा दिसायला हवा.” ती पुन्हा हसली. “म्हणजे तुम्ही आंधळ्यालाच रस्ता विचारत होता.”

रामनाथ हसला नाही. कार्डाच्या पट्टीवरचं कुंकू तिच्या बोटांना लागलं होतं. ते तिने रुमालाला पुसलं.

शेठला कळलं तेव्हा तो आधी फोडलेल्या बोर्डांवरून चिडला, मग रामनाथ घरचा माणूस, जमीन त्याची, म्हणून गप्प बसला. एक नवं कार्ड आणलं. हौसाचं काय, असं त्याला कुणी विचारलं नाही. धुळीच्या कामाला हात कमी पडत होते, तेव्हा तोच लडकूला म्हणाला, ती वरच्या पाड्यावरची बाई, तिला आण परत, काम साफ करायची. लडकूने का म्हणून विचारलं नाही. शेठ मोठ्या मनाचा, असं त्याने टेम्पोत सगळ्या बायकांना सांगितलं. चोरी केलेल्या बाईला परत घेतो, असा माणूस कुठे मिळतो.

रामनाथ मात्र पाड्यावर आला. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मोटरसायकल खाली ठेवून चढ चढून. हौसा अंगणात वाल सोलत होती. तिने त्याला पाणी दिलं. तो उंबऱ्यावर बसला आणि बोलू लागला. त्याने सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बोर्ड कसा उठतो, खाचेपाशी कसा जातो, खूण कशी बघतो. जुनी खूण कशी आणि नवी कशी. प्रोसेसरच्या पोटात चित्राची सोय असती तर पडदा कसा उजळला असता आणि मग हे काहीच झालं नसतं. तो फार सुंदर बोलत होता. माफी मागायला आलेला माणूस एवढं बोलत नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती वाल सोलत ऐकत राहिली.

पाड्यावरचे लोक देवालाही तू म्हणतात आणि शेठलाही.

“म्हंजे बोर्ड जित्ते होते,” ती म्हणाली. “तुझं कार्डच त्यांना चालत नव्हतं.”

“तसंच.”

“हे तू फाटकावर सांग.”

रामनाथने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तो म्हणाला, तुला कामावर घेतलंय की. सोमवारी ये. म्हणाला, शेठला सगळं माहीत आहे, आता मनात काही नाही कुणाच्या.

“बायांना न्हाय माहीत. लडकूला न्हाय माहीत. वॉचमनला न्हाय.”

“अगं, त्यांना हे समजायचं नाय. कार्ड काय, खूण काय. मलाच समजायला ती ठाण्याची बाई यावी लागली.”

“मी चोर हाय ते समजलं ना त्यांना? ते समजायला कोण आलं होतं?”

खरं कारण त्याने सांगितलं नाही आणि तिलाही ते माहीत होतं. फाटकावर तो हे बोलला की संध्याकाळपर्यंत सुभाषच्या कानावर जाईल. रामनाथने चालते बोर्ड मेलेले ठरवले, फोडायला दिले. मग घरातली ती एक जागा राहील का? जमीन गेली होती. भावांत मान गेला होता. टेबल तेवढं होतं.

“बघतो,” तो म्हणाला आणि उतरून गेला.

हौसाने त्या ‘बघतो’वर सोमवारपर्यंत काढलं. खानावळीत सांगून आली. नवी पिशवी शिवली, आधीची वॉचमनने उलटी केल्यापासून तिने वापरली नव्हती. टेम्पोत बायकांनी तिला जागा दिली पण कुणी बोललं नाही. गंगू पाठ करून उभी होती.

फाटकावर टेम्पो थांबला. लडकू मोजून एकेकीला आत सोडत होता. रामनाथ आत पंख्याखाली चहा पीत उभा होता, त्याने पाहिलं आणि कप तोंडाशी धरून ठेवला. हौसा फाटकाबाहेरच थांबली. ती वाट बघत होती. वॉचमन पुढे आला आणि फक्त तिच्याच पिशवीला हात घातला. “अब रोज देखना पडेगा,” तो लडकूला म्हणाला, हसत.

तेव्हा तीच बोलू लागली. मोठ्याने नाही. सगळ्यांना ऐकू येईल इतपत.

ती म्हणाली, मी काही बदललं नाही. बोर्ड चालू होते. बोर्डाला वीज दिली की तो आधी खाचेत बघतो, कोण आहे. तिथलं कार्ड जुनं होतं, त्याच्यावरचा प्रोग्राम जुना. नवा बोर्ड जुन्याला उठवत नाही. म्हणून पडदा काळा. ठाण्याच्या बाईने नवं कार्ड घातलं आणि सगळे उठले. मेलेलं त्यात काही नव्हतंच.

ती बरोबर सांगत होती. रामनाथने उंबऱ्यावर बसून सांगितलं होतं तेच, त्याहून थोडक्यात. बायका ऐकत होत्या. वॉचमनचा हात पिशवीत तसाच थांबला होता. तिला वाटलं, पोचतंय.

लडकूने मान एका बाजूला कलती केली. “काय गो हौसे,” तो म्हणाला, “तू धूळ काढायची ना? मग ही आतली गोष्ट तुला कशी ठाव?”

“रामनाथशेटनं सांगितली.”

सगळ्यांनी आत बघितलं. रामनाथने चहाचा कप खाली ठेवला. त्याच्या मागे टेबलावर नवं कार्ड लावलेला बोर्ड चालू होता आणि पडदा उजळलेला होता. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं, ‘हो’ म्हटलं तरी चाललं असतं.

“मी कशाला हिला सांगायला जाऊ?” रामनाथ म्हणाला. “चला, आत घ्या सगळ्यांना. उशीर होतोय.”

लडकूला आता सगळं उलगडलं होतं. तो इतर बायकांकडे वळून म्हणाला, बघा, बोर्ड कसा उठतो, कसा मरतो, सगळं पाठ आहे हिला. मी आपला समजत होतो की बिचारीनं न कळता काही केलं असेल. त्याच्या आवाजात राग नव्हता. थोडं कौतुकच होतं.

हौसा पुन्हा तोंड उघडणार होती. गंगूने तिचं मनगट धरलं. “चल आत,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “टेम्पो बंद होईल परत.” मनगटावरची पकड घट्ट होती. हौसाने बाकीच्यांकडे बघितलं. त्या सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या, ते बंद व्हावं म्हणून. ती आत गेली.

स्टूल तिथेच होतं. तिने झाकणं उघडली, ब्लोअर लावला. दुपारपर्यंत ती बोर्ड नेऊन टेबलावर ठेवत राहिली आणि रामनाथ ते तिच्याकडे न बघता घेत राहिला. एकदाही त्याने तिला थांबवून ठेवलं नाही, काही सांगितलं नाही.

जेवायला बायका पत्र्याच्या सावलीत बसल्या. हौसा थोडी लांब बसत होती, तेव्हा गंगू सरकली आणि शेजारची जागा तिने हाताने पुसली. हौसा बसली. बाकीच्या कुजबुजत होत्या, पण त्या कुजबुजीत आता आधीचं वैर नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आमच्याही घरी एक कॉम्प्युटर आण गो, पोरगं मागतंय, आणि सगळ्या हसल्या. टेम्पो बंद झाल्यापासून गंगूखेरीज कुणी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

गंगू जवळ झुकली. “मला तरी खरं सांग,” तिने विचारलं, “कुठं विकलेस?”

हौसाने भाकरी मोडली. सांगायचं तर पुन्हा बोर्डापासून सुरुवात करावी लागणार होती. वीज, खाच, जुनी खूण, नवी खूण. ती गप्प राहिली. गंगूने समजल्यासारखी मान हलवली आणि आपल्या डब्यातली सुकटीची चटणी तिच्या भाकरीवर ठेवली.